उजवी बाजू

मोटार डाव्या अंगाला ओढते, एवढीच तक्रार होती. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. मुंबईला ग्रँट रोडच्या गॅरेजात असताना मुरारीनं असल्या तक्रारी रोजच्या रोज ऐकल्या होत्या आणि दुपारच्या चहाच्या आत निस्तरल्याही होत्या. मंदीच्या दिवसांत ते गॅरेज बंद पडलं, तसा तो बायकोला, तुळसाला, घेऊन मुलखाकडे परतला. पोलादपूरचे मोठे जमीनदार मालोजीराव यांनी महाडच्या रस्त्यावर उतारूंची एक जुनी मोटार घातली होती. तिचा ड्रायव्हर गोमाजी एका सकाळी मोटार फिरवून चालू करायचं हँडल मालकांच्या ओटीवर ठेवून कोणाला न सांगता निघून गेला होता. जागा रिकामी होती आणि मुरारीला काम हवं होतं.

"मुंबईत शिकलास ना?" झोपाळ्यावरून न उठता मालोजीराव म्हणाले. "मग ही सरळ करून दाखव. गोमाजीला नाय जमलं. तो पळाला."

"कुठं गेला तो, मालक?"

"मसणात गेला. तुला काय करायचंय?"

राहायला गोठ्याच्या मागची पडवी मिळाली. तुळसानं ती झाडून सारवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मुरारी मोटारीखाली शिरला.

मोटार तशी दणकट होती. वर कापडी टप, बाजू उघड्या, मागे माणसं बसवायला आडवी बाकं. मुरारीनं पुढचा कणा जॅकवर उचलला, दोन्ही टायरांवर खडूच्या रेघा मारल्या, बांबूची काठी कापून चाकांमधलं अंतर आधी पुढून आणि मग मागून मापलं. फरक होता, पण थोडा. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा पिळून त्यानं तो काढून टाकला. मग नदीकाठच्या माळावर मोटार नेली, वेग घेतला आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी ओळंब्यासारखी सरळ गेली. मुरारी मनाशी हसला. एवढ्यासाठी माणूस नोकरी टाकून पळाला!

वैशाखाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी उतारू भरून तो महाडकडे निघाला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि रस्त्याची लाल धूळ तापून पिठासारखी मऊ झाली होती. अर्ध्या वाटेवर एक मोठं वळण होतं. वळणावर जुना ऐनाचा वृक्ष. तिथपर्यंत गाडी एका बोटावर चालली. वळण संपलं आणि पुढचा सरळ, सपाट रस्ता लागला. तो थेट लांबच्या ओढ्यावरच्या दगडी मोरीपर्यंत जात होता. त्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मुरारीच्या हातात वळायला लागलं.

हिसका नव्हता की दणका नव्हता. हळूहळू, पण सगळ्या ताकदीनिशी, गाडी डावीकडे जात होती. मुरारीनं दोन्ही हातांनी तोलून धरलं. दंडाच्या शिरा फुगल्या. मागून कोणी ओरडलं कसं नाही म्हणून त्यानं मान वळवून पाहिलं.

बाकांवरची सगळी माणसं डावीकडे सरकून एकमेकांच्या अंगावर रेलून बसली होती. प्रत्येक बाकाच्या उजव्या टोकाला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी. कोणी बोलत नव्हतं. कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली रंगूबाई पाटीवर पदर टाकून डोळे मिटून होती. पाटीतल्या कोंबड्याही गप्प होत्या.

मोरी मागे पडली आणि स्टेअरिंग सुटलं. माणसं ऐसपैस झाली, तंबाखू मळायला लागली, तुटलेल्या गप्पा पुढं सुरू झाल्या.

महाडला उतरताना मुरारीनं रंगूबाईला गाठलं. "काय गो रंगूबाय, मघाशी मोरीच्या अलीकडं सगळी एका बाजूला का सरकलात?"

"कोण सरकलं?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं तिला शिवी दिली होती. "तू गाडी चालव. पुढं बघून चालव. मागं काय बघतोस?"

परतीच्या फेरीत मुरारीला वाटलं, रस्त्याचाच उतार असणार. तसं असेल तर येताना गाडी उलट्या अंगाला जायला हवी. पण मोरीपासून ऐनाच्या वळणापर्यंत ती पुन्हा डावीकडेच गेली. म्हणजे रस्ता नव्हे. त्यानं डावं चाक उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं. ब्रेक एका बाजूला धरतोय का, ते चाकांना हात लावून पाहिलं. दोन्ही सारखी कोमट होती. स्प्रिंगचे पाटे उतरवले, पुसले, परत चढवले. हवा पुन्हा पुन्हा तपासली. माळावर गाडी सरळ जायची, बाजारात सरळ जायची, घाटाच्या पायथ्यापर्यंत सरळ जायची. फक्त त्या एका पट्ट्यात ओढायची, आणि जाताना असो की येताना असो, डावीकडेच.

मालोजीराव रोज संध्याकाळी ओटीवरून विचारायचे. उत्तर ऐकलं की म्हणायचे, "मुंबईत काय शिकलास? गाड्या धुवायला?" चार माणसं बसलेली असली की आवाज जरा चढवायचे.

एका दुपारी उतारू महाडला सोडून मुरारी रिकामी मोटार घेऊन परतत होता. ऐनाचं वळण ओलांडल्यावर त्यानं गाडी सावलीला उभी केली आणि आल्या वाटेनं मागं मोरीकडं चालत गेला. टायर तिरकं घासत असलं की धुळीत फराटे उठतात, आणि दोष कुठल्या चाकाचा ते फराट्यांवरून कळतं. गॅरेजातल्या मिस्त्रीनं त्याला ते शिकवलं होतं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन डोक्यावर उभं होतं आणि दोन्हीकडची भाताची खाचरं भाजून पांढरी पडली होती. मुरारी वाकून बघत निघाला. डाव्या चाकाचा माग, उजव्या चाकाचा माग. दोन्ही चाकं सरळ जायला बघत होती आणि सबंध गाडीच आडवी सरकत होती. मापात चूक नव्हती. त्याला बरं वाटलं. मग त्याची नजर उजव्या चाकाच्या पलीकडं गेली.

तिथं पावलं होती.

अनवाणी, मोठ्या माणसाची. हातभर अंतर ठेवून ती चाकाच्या मागाबरोबर चालली होती. पण ती रस्त्याच्या दिशेनं नव्हती. प्रत्येक पाऊल गाडीकडं वळलेलं होतं. माणूस कड्याच्या अरुंद वाटेवर भिंतीला छाती लावून आडवा आडवा सरकतो, तशी. मोटार केवढ्या वेगात गेली होती ते मुरारीला ठाऊक होतं. पावलांमधलं अंतर मात्र सावकाश चालणाऱ्याचं होतं. एका ठिकाणी पुढच्या टायरच्या ताज्या फराट्यावर पायाची बोटं उमटली होती, आणि त्या बोटांवर मागच्या टायरची नक्षी होती. म्हणजे जे कोणी होतं ते मोटार जाताना तिथंच होतं, आणि सबंध वेळ तोंड ड्रायव्हरकडं करून होतं.

मोरीच्या कठड्यापाशी पावलं सुरू होत होती. तिथं ओल्या राखेचा वास होता. आसपास राख नव्हती आणि पाणीही नव्हतं. ओढा कधीच आटला होता.

मुरारी मोटारीकडं परतला तो रस्त्यानं नव्हे, खाचरांतून.

गोमाजी कुडपणला आहे, एवढं तुळसानं पाणवठ्यावरच्या बायकांकडून काढून आणलं. मुरारी डोंगर चढून वर गेला. त्या पठारावर चाक म्हणून पोचत नव्हतं, पायवाटा तेवढ्या होत्या. गोमाजी घरावर चढून छप्पर शाकारत होता. मुरारीनं हाक मारली, ओळख सांगितली. गोमाजी खाली उतरला नाही.

"मालोजीरावाकडनं आलास."

"हां, दादा. मोटारीचं विचारायचं हाय."

"मोटार तुझी आता. मला कशाला विचारतोस?"

"ऐनाच्या वळणापासनं मोरीपर्यंत ती डावीकडं ओढते. चाकं बदलली, कणा बघितला..."

"ओढत नाय."

"मी रोज चालवतोय ना!"

"ओढत नाय म्हणतो ना मी!" गोमाजीनं हातातली पेंढी छपरावर आपटली. "बैल कधी हाकलेस? उजव्या अंगाला काय दिसलं तर बैल काय करतो? अंग चोरतो. ही पण अंग चोरते. डावीकडं काय नाय. जे हाय ते उजवीकडं हाय."

मुरारीच्या ध्यानात आलं. ड्रायव्हरची जागा उजवीकडे असते. "कोण हाय तिथं?"

"ठाऊक नाय. मी कधी तिकडं बघितलं नाय. हात ढिला सोडायचो, ती सरकेल तेवढी सरकू द्यायचो. जागा दिली की ते आपलं चालतं बाजूनं, आणि पट्टा संपला की थांबतं. तू पण तसंच कर."

"मग तू सोडलीस का?"

गोमाजीनं एक पेंढी करकचून बांधली. "एक दिवस मालकांनी जोर करून सरळ ठेवायला लावली. ठेवली. पुढचं विचारू नकोस."

"मला आधी सांगायचंस तरी, दादा. मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस मोटार?" गोमाजीनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. "तू हँडल हातात घेतलंस, त्या दिवसापासनं मला झोप लागते. जा आता. आणि इथं परत येऊ नकोस."

त्यानंतर काही दिवस मुरारीनं गोमाजीचं ऐकलं. वळण आलं की हात ढिले सोडायचा, नजर समोर ठेवायचा. गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत सरकायची, तिथं थांबायची, मोरीपर्यंत तशीच जायची. उजव्या कानाला ऊन लागायचं नाही, एवढंच त्याला जाणवायचं. भर उन्हात तो कान गार पडायचा.

मग महाडला नवे मामलेदार आले आणि मालोजीरावांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांना आणायला मोटार जाणार होती.

"सरकारी पाहुणा आत बसलेला, आणि माझी मोटार दारुड्यासारखी कडेनं जाणार?" ते गोठ्यापर्यंत चालत आले होते. "आज मला ती त्या पट्ट्यात सरळ पाहिजे. काय वाट्टेल ते कर."

मुरारीनं चाचरत पावलांचं सांगितलं, गोमाजीचं सांगितलं. मालोजीरावांचा चेहरा लाल झाला.

"त्या पळपुट्यानं डोकं फिरवलं तुझं. रस्ता माझ्या जमिनीतून गेलाय. माझ्या जमिनीत मी कोणाला जागा सोडायची? कोणाला रे? सरळ करायची असेल तर कर, नायतर पडवी रिकामी करून चालता हो. आत्ता."

ते गेल्यावर तुळसा बाहेर आली. "करू नका अवो. जाऊ आपण इथनं. माझा भाऊ हाय सव गावाला."

"भावाच्या दारात किती दिवस बसणार?" मुरारी तिच्यावरच खेकसला. "मीच चालवणार हाय ना? मी बघतो."

त्यानं पुढचा कणा उजव्या बाजूनं बोटभर मागं सरकवला. उजव्या टायरमधली हवा थोडी काढली. असं केलं की गाडी आपसूक उजवीकडं जायला बघते. तिचं डावीकडं अंग चोरणं आणि हे उजवीकडं जाणं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील, असा हिशोब. काम करताना त्याला कळत होतं की आपण गाडी दुरुस्त करत नाही. भ्यालेल्या जनावराची मान दोरीनं उलट बाजूला बांधतो तसं काहीतरी करतो आहोत. पण हात थांबले नाहीत.

दुपारी मालोजीराव कोट-पगडी घालून आले आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

"मालक, तुम्ही नका..."

"मला येतं चालवायला. तू तिकडं बस. मला माझ्या हातानं बघायचंय सरळ झाली की नाय ते."

मुरारी डावीकडं बसला. बोलावं असं त्याला वाटलं, आणि तो बोलला नाही. पुढं कित्येकदा त्याला हेच आठवायचं.

गावाबाहेर पडताच गाडी उजवीकडं जायला लागली. "ही तर आता इकडं चालली!" मालोजीराव चिडले. मुरारी म्हणाला, त्या पट्ट्यात सरळ होईल. शिव्या देत, स्टेअरिंग तोलत ते ऐनाच्या वळणापर्यंत आले. वळण संपलं.

गाडी दोरीला धरल्यासारखी मधोमध सरळ चालली. मालोजीरावांनी एक हात सोडला, मग दुसरा. उजवं कोपर दारावर टेकलं आणि ते मोठ्यानं हसले. "बघ! म्हणे जागा सोडायची! सोडली का मी जागा? अं?"

ओल्या राखेचा वास आला.

मालोजीरावांचं हसणं मधेच थांबलं. त्यांनी दारावरचं कोपर हळूहळू आत घेतलं, चटका बसल्यावर घेतात तसं नव्हे, कुत्र्याला न कळता हात काढून घ्यावा तसं. नजर रस्त्यावर नव्हती. मान उजवीकडं वळली होती आणि तशीच राहिली होती.

"मुरारी..."

"मालक?"

"सरक."

"कुठं सरकू?"

"सरक रे... जागा नाय."

मुरारी आधीच कडेला होता. मालोजीरावांचं जड अंग त्याच्यावर येऊन टेकलं. त्यांच्या खांद्यावरून मुरारीनं पलीकडं पाहिलं. मालोजीराव आणि उजवं दार यांच्यामध्ये आता पुरती एका माणसाची जागा झाली होती. तिथं कोणी नव्हतं. पण बैठकीची गादी खोल दबलेली होती.

"मोरी आली मालक," मुरारी कुजबुजला. "मोरी आली... आता संपेल. स्टेअरिंग धरा."

मोरीचा कठडा आला, बाजूनं गेला, मागं पडला. गादी वर आली नाही.

"सरक..." मालोजीराव रडवेल्या आवाजात म्हणाले. त्यांचं तोंड एका बाजूला ओघळायला लागलं होतं. मुरारीनं त्यांच्या अंगावरून हात घालून स्विच बंद केला आणि स्टेअरिंग आपल्याकडं खेचलं. गाडी बांधावर चढली, कलली, थांबली.

तो उडी मारून उतरला आणि मालोजीरावांच्या डाव्या काखेत हात घालून त्यांना ओढू लागला. अंग आलं, पाय आले. उजवा हात मात्र आत ताठ राहिला, पलीकडून कोणी मनगट धरून ठेवल्यासारखा. मालोजीरावांचे डोळे पांढरे झाले होते. मुरारीनं गाडीच्या पायरीला पाय लावला आणि सगळा जोर करून हिसका दिला. एक क्षण काहीच हललं नाही. मग हात सुटला आणि दोघं मागं धुळीत पडले.

पडल्या पडल्या मुरारीनं वर पाहिलं. उजवीकडची दबलेली गादी हळूहळू वर येत होती. ती पूर्ण वर आली. मग डावीकडची, जिथं तो स्वतः आत्ता बसला होता ती, दबली.

जवळच्या वाडीतले लोक आरडाओरड ऐकून आले, पण बांधाच्या पलीकडंच उभे राहिले. त्यांतला सयाजी नावाचा एक जाणता माणूस मोटारीकडं न बघता म्हणाला, "इकडं आण त्यांना. बांधानं नेऊ. रस्त्यानं नाय न्यायचं." त्यांनी घोंगडीची झोळी केली. मुरारी हात लावायला गेला तर सयाजीनं त्याला दूर लोटलं. "तू नको. तू आमच्यासंगं चालू पण नकोस. मागनं ये."

महाडच्या डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उन्हाचा आणि अतिरक्तदाबाचा परिणाम, असं ते म्हणाले. मोटार बांधावरच उभी राहिली. पाऊस लागायच्या आधी मुंबईकडच्या कोणा व्यापाऱ्यानं ती मोडीत घेतली आणि माणसं आणून सुटी करून नेली. पोलादपुरात मुरारीला कोणी उभं करेना. मालकांना त्यानंच अपघातात घातलं, असं मालोजीरावांचे भाऊबंद म्हणत होते, आणि दुकानदार त्याला पाहून फळी लावून घेत होते. तुळसानं भांडी बांधली. ती दोघं सवला तिच्या भावाकडं, कोंडाजीकडं, येऊन राहिली.

सवला गरम पाण्याची कुंडं आहेत. सांधे धरलेली, अंग गेलेली माणसं लांबून तिथं येतात. मुरारी मेहुण्याच्या शेतावर राबू लागला. पावसाळा गेला, भातं पोसवली. कोणाच्या उजव्या हाताला बसायचं नाही, कोणाला आपल्या उजव्या हाताला बसू द्यायचं नाही, अशी सवय त्याला लागली होती. पण ती सोडली तर दिवस बरे चालले होते. झोप लागत होती.

भातकापणीच्या सुमारास, दुपार कलताना, अंगणात एक बैलगाडी थांबली. मालोजीरावांच्या पत्नी बनुबाई खाली उतरल्या. हातात पितळेची कळशी होती. तुळसानं लगबगीनं घोंगडी अंथरली.

"बसा, मालकीणबाई."

"बसत नाय गो. कुंडाचं पाणी न्यायला आले, ह्यांच्यासाठी." त्या खाली उभ्या राहूनच घर न्याहाळत होत्या. दार, ओटी, दारातला फणस. "बोलायला लागलेत ते."

"बरं झालं," मुरारी म्हणाला.

"बोलायला म्हणजे... एकच. आषाढापासनं. सकाळ झाली की मान उजवीकडं वळवतात. बराच वेळ ऐकल्यासारखं करतात. मग मला म्हणतात, मुरारी कुठं राहतो, विचारतंय."

फणसाखाली बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, ती थांबली.

"कोण विचारतंय?" तुळसानं हळूच म्हटलं.

बनुबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "मी सांगत नव्हते. ठाऊक नाय म्हणायचे. पण रडतात गो. एवढा मोठा माणूस, तोंड वाकडं, लाळ गळतेय, आणि रडतात. सांग म्हणतात, एकदाचं सांग त्याला. किती दिवस बघायचं मी?"

"काय सांगितलंत तुम्ही?" मुरारी एक पाऊल पुढं आला.

"सव गाव. कुंडाच्या वरच्या अंगाला, दारात फणस, कोंडाजीचं घर." त्यांनी पुन्हा एकदा फणसाकडं, मग घराकडं पाहिलं. मुरारीकडं पाहिलं नाही. "ऐकून सांगितलं होतं. चुकलं असेल तर परत विचारायला लागेल, म्हणून बघायला आले. बरोबर हाय ना?"

तुळसानं मुरारीचं मनगट धरलं. "कधी सांगितलंत, मालकीणबाई? कधी?"

"आज सकाळी." बनुबाईंनी कळशी उचलली आणि त्या बैलगाडीकडं वळल्या. चढताना क्षणभर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदाच आलेला आनंद होता, आणि तो त्यांना लपवता येत नव्हता.

"मी निघाले ना, तेव्हा पाणी पीत होते. उजव्या हातानं. तांब्या स्वतः उचलला त्यांनी."